बंदरात आणि जहाजावर तेल-वीज वाचवायची तर आधी हात कुठे घालायचा?

प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मुरगाव बंदरात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या एका टर्मिनलवर नुकतेच लागलात आणि साहेबांनी एनर्जी एफिशियन्सीवर नोट काढायला सांगितलीय. पैसे आधी कशावर घालायचे, शोअर पॉवरवर (जहाजाला धक्क्यावरून वीज), सोलरवर की इलेक्ट्रिक क्रेनवर, हे तुम्हाला हवंय. आणि जाता जाता असंही विचारलंय की बंदराजवळच्या सड्यावरून समुद्राकडे बघितलं की बाहेर जहाजं दिवसच्या दिवस नांगर टाकून उभी दिसतात, ती तिथं करतात काय आणि उभ्या उभ्या धूर का सोडतात.

हा शेवटचा प्रश्न तुम्ही सहज टाकलाय पण माझ्या मते सगळ्यात जास्त तेल तिथंच जातं, त्यामुळे सुरुवात तिथून करतो. मी बल्क कॅरिअरच्या, म्हणजे कोळसा-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजांच्या, इंजिन रूममध्ये बरीच वर्षं काढली, चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो, आता बंदराला लागून असलेल्या वास्कोत राहून जहाजांची आणि टर्मिनलची एनर्जी ऑडिट करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची रड ऐकलेली आहे.

बाहेर उभं असलेलं जहाज वाट बघतंय हे तर दिसतंच. पण तिथं पोचायला ते धावत आलेलं असतं, खरी गंमत ती आहे. जहाजाला लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. वेग १० टक्के कमी केला तर इंजिनला २७ टक्के कमी पॉवर लागते, आता प्रवास लांबतो म्हणून सगळा फायदा पदरात पडत नाही, तरी त्याच अंतराला मेन इंजिनचं तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. हिशोबासाठी एक मध्यम बल्क कॅरिअर धरा, साडेतेरा नॉटला (तासाला तितके सागरी मैल) दिवसाला ३० टन तेल जाळणारं, आणि प्रवास २,७०० सागरी मैलांचा. साडेतेराने ते २०० तासांत पोचतं आणि २५० टन जाळतं. तेच १२ नॉटने आलं तर दिवसाचं तेल २१ टनांवर येतं, पोचायला २२५ तास लागतात आणि एकूण तेल होतं १९८ टनांच्या आसपास. म्हणजे २५ तास उशीर आणि ५० टनांहून जास्त बचत, टनाला ५०० डॉलर धरले तर २५ हजार डॉलरच्या वर. आणि हे जहाज जर २५ तास आधी येऊन चार दिवस बाहेर उभंच राहणार असेल तर ते ५० टन कशासाठी जाळले?

हे जहाजावरच्या सगळ्यांना माहीत असतं. कॅप्टनला माहीत असतं, चीफला माहीत असतं, ऑफिसात बसलेल्या सुपरिंटेंडेंटला पण माहीत असतं. तरी सगळे धावतात, कारण करार तसा असतो. व्हॉयेज चार्टरमध्ये, म्हणजे जहाज एका फेरीपुरतं भाड्याने घेतलं तर, कॅप्टनने जमेल तितक्या लवकर पोचायचं असतं. पोचला की तो नोटीस ऑफ रेडिनेस देतो, म्हणजे "आलोय, मी तयार आहे" अशी लेखी वर्दी, आणि त्या वर्दीवरून लेटाइमचं, म्हणजे माल चढवा-उतरवायला ठरलेल्या वेळेचं, घड्याळ चालू होतं. माल उतरवायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला की जहाजाच्या मालकाला डेमरेज, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मिळतं. वर बऱ्याच बंदरात जो आधी आला त्याचा नंबर आधी. आता सांगा, कोण शहाणा हळू येईल? हळू आला तर नंबर गेला, डेमरेज पण गेलं. टाइम चार्टर, म्हणजे ठराविक मुदतीचं भाडं, असेल तर तेल चार्टररच्या, म्हणजे भाड्याने घेणाऱ्याच्या, खिशातलं, त्याला वाचवावंसं वाटतं खरं, पण जहाजाचं बूड घासायचा (त्यावर धरलेला थर आणि शिंपले काढायचा, तो वेग खातो) खर्च मालकाचा आणि धक्का कधी मोकळा होणार ही माहिती बंदराच्या हातात. तिघांचे खिसे वेगळे, आणि जो वाचवू शकतो त्याला वाचलेल्यातलं काही मिळत नाही, असा सगळा मामला आहे.

यावर उपाय नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला कोळसा भरायला येणाऱ्या जहाजांची बाहेर मोठी रांग लागायची, तिथं त्यांनी नंबर आधीच ठरवून द्यायची पद्धत काढली, जहाजाला सांगायचं की तुझी पाळी अमुक दिवशी, घाई करू नकोस, नंबर कुठे जात नाही. बिमको या जहाज कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये व्हॉयेज चार्टरसाठी जस्ट इन टाइम अरायव्हलचं, म्हणजे धक्का मोकळा होईल तेव्हाच पोचायचं, कलम काढलं, त्यात चार्टररच्या सांगण्यावरून जहाज हळू आलं तर मालकाने करार मोडला असं होत नाही. म्हणजे कागद तयार आहे. अडतं कुठे तर टर्मिनलच्या अंदाजावर. कॅप्टनला वेग कमी कर म्हणून सांगायचं तर निदान चार-पाच दिवस आधी, भरवसा ठेवता येईल अशी धक्क्याची वेळ हातात द्यायला लागते. आपल्याकडे काय होतं, पुढचं जहाज कधी लागणार विचारलं की "बघू, परवाकडे" असं उत्तर मिळतं, कारण आधीच्या जहाजावर ग्रॅब (माल उचलणारा पंजा) बिघडला, ट्रक कमी आले, रेक (मालगाडी) आली नाही, पाऊस लागला आणि हॅच (मालाच्या खणांची झाकणं) बंद केले. पाऊस तर मुरगावात नेमाने धरायचीच गोष्ट आहे, जून ते सप्टेंबरात भिजला तर चालत नाही असा माल असेल तर दिवसातले किती तास हॅच बंद राहणार याचा अंदाज मागच्या वर्षांच्या नोंदीवरून सहज निघतो, पण ती नोंद कोणी बघत नाही.

म्हणून तुमच्या टर्मिनलकडून होणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे धक्का मोकळा होण्याचा रोजचा अंदाज. सकाळी ठरलेल्या वेळी तो जहाजाच्या एजंटला जायला पाहिजे, आणि आपला कालचा अंदाज किती तासांनी चुकला ते पण त्यातच लिहायचं. यात तुमची वीज एक युनिट वाचणार नाही, वाचणार ते तेल समुद्रात आणि दुसऱ्याच्या खात्यात. साहेब विचारतील आपल्याला काय? आपल्याला हे की रांग छोटी झाली की डेमरेजची भांडणं कमी, आणि धक्क्याला लागलेलं जहाज खोळंबून राहत नाही. सरळ पैसा नाही म्हणून ही गोष्ट सगळ्या प्रेझेंटेशनमधून गळते आणि सोलर पॅनेलचे फोटो राहतात.

नियमांचं एका पॅराग्राफात उरकतो. जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के शिपिंगचे. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक संघटनेने, २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या आसपास नेट झिरो. १ जानेवारी २०२३ पासून जुन्या जहाजांनाही ईईएक्सआय हा डिझाइनच्या एफिशियन्सीचा निकष लागला आणि वर्षभराच्या कार्बनवरून सीआयआय नावाची ए ते ई श्रेणी सुरू झाली, सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई आली की सुधारणेचा प्लॅन द्यायला लागतो. कार्बनवर पैसे लावायची जी चौकट होती तिला एप्रिल २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, पण ऑक्टोबरात शिक्कामोर्तब वर्षभर पुढे ढकललं गेलं. सीआयआयबद्दल माझं मत बरं नाही. बल्क कॅरिअरसाठी त्यात वर्षाचा कार्बन भागिले जहाजाची क्षमता गुणिले कापलेलं अंतर, असा हिशोब आहे, म्हणजे जहाज बाहेर नांगरून उभं राहिलं की तेल जळत राहतं आणि अंतर शून्य, श्रेणी घसरते. मग काही जण उभं राहण्यापेक्षा बाहेर संथ चकरा मारणं बरं असं म्हणतात, त्यात तेल जास्त जळतं पण अंतर वाढतं आणि कागदावर जहाज सुधारतं. अशा नियमाला काय म्हणायचं. तुमच्या रांगेमुळे जहाजाची श्रेणी बिघडते हा मुद्दा मात्र नोटमध्ये नक्की घाला, आता शिपिंग कंपन्या तो बोलून दाखवायला लागल्या आहेत.

आता धुराकडे येऊ. उभ्या जहाजावर मेन इंजिन बंद असतं पण जनरेटर चालूच, कारण लाइट, एसी, स्वयंपाकघर, फ्रीज, पंप, इंजिन रूमचे मोठे फॅन आणि स्वतःच्या क्रेन असल्या तर त्या पण. शिवाय बॉयलर. समुद्रात चालताना मेन इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर फुकट वाफ मिळते, इंजिन बंद झालं की तीच वाफ तेल जाळून करायला लागते, कारण जाड तेल गरम ठेवलं नाही तर वाहत नाही.

इथं एक गोष्ट जवळून दाखवतो, म्हणजे एफिशियन्सी म्हणजे नवीन मशीन हा समज जरा हलेल. समजा धक्क्यावर लोड आहे ४२० किलोवॅट, आणि जहाजावर ६०० किलोवॅटचे तीन जनरेटर. हिशोबाने एक पुरतो, ७० टक्के लोडवर मस्त चालतो. पण तुम्ही इंजिन रूममध्ये उतरा, नव्वद टक्के वेळा दोन चालू दिसतील, प्रत्येकी ३५ टक्क्यांवर. विचारलं तर सेकंड इंजिनिअर म्हणणार, "सर, ब्लॅकआउट झाला तर?" क्रेन चालू असताना लाइट गेली तर कॅप्टन वरून ओरडणार, दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन, आणि तेल जास्त गेलं म्हणून आजपर्यंत कोणाला फोन आलेला नाही. पण कमी लोडवर डिझेल इंजिन जास्त खातं. एका युनिटला ७० टक्क्यांवर २१२ ग्रॅम लागत असेल तर ३५ टक्क्यांवर २३५ च्या आसपास लागतं. २३ ग्रॅमचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४२० किलोवॅट चोवीस तास धरले की दिवसाला २३० किलो तेल होतं. वर दोन मशीनचे रनिंग अवर्स दुप्पट पडतात, आणि कमी लोडवर एक्झॉस्टमध्ये काजळी धरते ती वेगळी. वास्कोवाल्याला जो काळा भपका दिसतो त्यातला बराचसा अशा अर्धवट जळण्याचा असतो. उपाय काय तर पॉवर मॅनेजमेंट सिस्टिम नीट सेट करणं, स्टँडबाय जनरेटर किती सेकंदात लोड घेतो ते महिन्यातून एकदा खरंच टेस्ट करून बघणं, आणि क्रेनचं काम संपल्यावर दुसरा जनरेटर बंद करायची हिंमत ज्युनिअरला देणं. खर्च शून्य.

तसंच समुद्राच्या पाण्याच्या कूलिंग पंपांचं. हे पंप ३२ डिग्री पाणी धरून निवडलेले असतात, त्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, लावा म्हणून विक्रेते मागे लागतात. उत्तर समुद्रात फिरणाऱ्या जहाजाला त्याचा छान फायदा, तिथं पाणी गार. पण जहाज वर्षभर मुरगाव, मंगळूर, आखात असंच फिरणार असेल तर आपलं पाणी २८-३० डिग्रीला असतं, पंपाला ढील द्यायला जागाच कमी. तेच पैसे इंजिन रूमच्या व्हेंटिलेशन फॅनच्या व्हीएफडीवर घाला, धक्क्यावर मेन इंजिन बंद असताना तेवढी हवा लागत नाही. कॉम्प्रेस्ड एअरच्या गळतीकडे पण बघा, रात्री इंजिन रूम जरा शांत झाली की सूं सूं ऐकू येतं, तो सगळा पैसा आहे.

आता शोअर पॉवर. धक्क्यावरून केबल द्यायची, जहाजाने जनरेटर बंद करायचे. सगळ्यांना आवडणारी आयडिया, मला पण आवडते, पण तुमच्या नोटमध्ये जर कार्बन वाचतो म्हणून लिहिणार असाल तर थांबा आणि हा हिशोब करा. जहाजाच्या जनरेटरला युनिटमागे २१० ग्रॅम तेल लागलं तर साधारण ०.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा युनिटमागे ०.७ किलोच्या आसपासच आहे, कारण अजून बरीच वीज कोळशाची. त्यात वहनातली गळती मिळवा. आणखी एक भानगड, आपली वीज ५० हर्ट्झ आणि बहुतेक जहाजं ४४० व्होल्ट ६० हर्ट्झवर चालतात, म्हणजे मधे फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर आला, त्याचा खर्च आला आणि त्यातही थोडी वीज गेली. म्हणजे गोव्याच्या लाइनवरून नुसती वीज दिली तर कार्बनच्या बाबतीत फार तर बरोबरी.

मग शोअर पॉवर कशासाठी? वास्कोसाठी. नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर, काजळी, आवाज हे सगळं धक्क्यावरून जातं, आणि मुरगाव बंदर लोकवस्तीला किती चिकटून आहे हे सड्याच्या माणसाला सांगायला नको. २०२० पासून तेलातलं सल्फर ०.५० टक्क्यांवर आलंय, आधीपेक्षा बरंच बरं, पण युरोपात धक्क्यावर ०.१० टक्क्याचा नियम २०१० पासून आहे, आपल्याकडे तो नाही. त्यामुळे शोअर पॉवर मागायची तर ती हवेसाठी मागा, आणि कार्बन पण हवा असेल तर सोबत सोलर किंवा ग्रीन पॉवरचा करार जोडा. गोव्यात १ मेगावॅट सोलर वर्षाला १४-१५ लाख युनिट देतं असं धरा. एका धक्क्यावर ४०० किलोवॅट वर्षभर म्हणजे ३५ लाख युनिट, तर अडीच मेगावॅटच्या जवळपास पॅनेल एका धक्क्याला लागले. गोदामाच्या छपरावर मावतात, पण पॅनेल लावायच्या आधी वाऱ्याची दिशा बघा, कोळशाच्या ढिगाच्या बाजूला पॅनेल लावले तर दर आठवड्याला धुवायचं पाणी कुठून आणणार ते पण लिहा. ही बारीक गोष्ट कोणी एस्टिमेटमध्ये धरत नाही.

बरं, केबल कोणाला आधी द्यायची? माझ्या मते टगना, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटींना. पायलट लाँच, टग, ड्रेजरची छोटी बोट, हे आपल्याच बंदरातले, रोज त्याच जागी येणारे, लो व्होल्टेज, ५० हर्ट्झवर बांधलेले असले तर कन्व्हर्टर लागत नाही. केंद्राच्या बंदरांसाठीच्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांनंतर आता ग्रीन टगचा कार्यक्रम पण २०२४ ला सुरू झालाय, त्यामुळे पैसे मागायला निमित्त आहे. त्यानंतर क्रूझ. सीझनला मुरगावात क्रूझ जहाज लागतं तेव्हा त्याला कित्येक मेगावॅट लागतात, एका बल्क कॅरिअरच्या दहा-वीस पट, एखादी छोटी औद्योगिक वसाहतच येऊन उभी राहिल्यासारखं. फायदा मोठा पण हाय व्होल्टेज कनेक्शन, वेगळं सबस्टेशन, आणि जहाज वर्षातले थोडेच दिवस येणार, बाकी दिवस ती मशिनरी खाऱ्या हवेत गंजत पडणार. युरोपात २०३० पासून मोठ्या बंदरात कंटेनर आणि प्रवासी जहाजांना प्लग लावणं बंधनकारक होतंय, म्हणजे जहाजं तयारीनिशी येतील, पण आपल्याकडे त्याचा पैसा कोण भरणार हे ठरल्याशिवाय मी तरी क्रूझच्या धक्क्यापासून सुरुवात करणार नाही. बल्क कॅरिअर तर शेवटी, कारण आज येणारं जहाज परत कधी येईल सांगता येत नाही आणि बहुतेकांकडे घ्यायची सोयच नाही.

मुरगाव बंदराने २०२३ मध्ये हरित श्रेय नावाची योजना काढली, एन्व्हायर्नमेंटल शिप इंडेक्सवर (जहाज किती कमी प्रदूषण करतं त्याचे मार्क) चांगले मार्क असलेल्या जहाजाला बंदराच्या चार्जेसमध्ये सूट. दिशा चांगली आहे. मला फक्त वाटतं की अशी सूट वेळेवर हळू आलेल्या जहाजाला पण मिळायला पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या टर्मिनलकडे वळू, कारण बिल तुमच्या नावावर तिथंच येतं. कन्व्हेअर आधी बघा. एका टर्मिनलवर ऑडिटला गेलो होतो तिथं जेवायच्या सुट्टीत पट्टे रिकामे फिरत होते. ऑपरेटरला विचारलं बंद का करत नाहीस, तर म्हणाला, परत चालू करायचं सिक्वेन्स लांब आहे, शेवटच्या पट्ट्यापासून एकेक करत पुढे यायला लागतं, मधे एखादा पुल-कॉर्ड (पट्टा तातडीने थांबवायची दोरी) अडकलेला निघाला की अर्धा तास जातो आणि मग शिव्या मलाच. बरोबरच आहे त्याचं. लांब पट्ट्याला रिकामा फिरवायला पण चांगलीच वीज लागते, कारण रोलर, पट्ट्याचं वजन, सगळं घासतच असतं. त्यांना आम्ही काय सांगितलं, आधी सगळे पुल-कॉर्ड आणि अलाइनमेंट स्विच दुरुस्त करा, रिस्टार्ट ऑटोमॅटिक करा, आणि मग माल नसेल तर आपोआप थांबायचं टायमर लावा. उलट क्रमाने केलं असतं तर ऑपरेटरने दुसऱ्या दिवशी टायमर बायपास केला असता. जाम झालेले रोलर हाताने फिरवून बघायचे, थर्मल कॅमेरा असला तर उत्तमच.

क्रेन डिझेलवर असतील आणि क्रेनमध्ये बाहेरून वीज घ्यायची सोय असेल तर ती वापरा, ग्रॅब खाली येताना जी ऊर्जा परत मिळते ती इलेक्ट्रिक ड्राइव्हला पकडता येते, हायड्रॉलिकमध्ये ती बहुतेक तेल गरम करण्यात जाते. ट्रक वजनकाट्यावर इंजिन चालू ठेवून उभे असतात ते टोकन सिस्टिमने सुटतं. हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे दिवे, एलईडी केलेच असतील. पॉवर फॅक्टर मात्र स्वतः बघा, डिमांड चार्ज केव्हीएवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं, आणि खाऱ्या हवेत कॅपॅसिटर बँकचे कॉन्टॅक्टर कधी मेलेत ते पॅनेल उघडल्याशिवाय कळत नाही.

जहाजाच्या बुडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हा विषय गोव्याचाच आहे. कोमट पाणी, खाडीचं तोंड, जहाज दोन-तीन आठवडे हललं नाही की बुडावर आधी बुळबुळीत थर, मग बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कडक शिंपले. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत या विषयावर बरीच वर्षं काम चाललंय. एका लढाऊ जहाजाच्या आकारावर झालेल्या अभ्यासात नुसत्या पातळ थराने लागणारी पॉवर ११ टक्क्यांच्या आसपास वाढते असं दिसलं, कडक शिंपल्यांचा जाड थर असेल तर ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे तुमच्या रांगेत उभं राहिलेलं जहाज पुढच्या बंदराला जाताना पण त्या रांगेची किंमत भरतं, आणि टाइम चार्टरमध्ये तर ठराविक दिवसांपेक्षा जास्त गरम पाण्यात उभं राहिलं की स्पीडची हमी लागू नाही असं कलमच असतं. बूड घासणं महाग वाटत असेल तर निदान प्रोपेलर पॉलिश करून घ्यावा, डायव्हर एका दिवसात करतो आणि पैसे पुढच्या एखाद-दोन प्रवासांत सुटतात. बूड पाण्यात घासायचं तर घाण गोळा करणारं मशीन पाहिजे, नाहीतर दुसऱ्या समुद्रातले जीव आपल्या खाडीत सोडल्यासारखं होतं.

बार्जवाल्यांचं वेगळंच. २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा मांडवी-जुवारीवरच्या, खनिज वाहणाऱ्या कितीतरी बार्ज किनाऱ्याला लागून गंजल्या, आता ज्या चालतायत त्यांच्यावर कोणी एनर्जीवाला फिरकत नाही. जुने तांडेल ओहोटी धरून भरलेली बार्ज खाली आणायचे आणि भरतीला रिकामी वर न्यायचे. पाण्यात ८ नॉट चालणारी बार्ज दीड नॉटच्या प्रवाहाबरोबर साडेनऊने जाते, प्रवाहाच्या विरुद्ध साडेसहाने, म्हणजे त्याच अंतराला ४६ टक्के जास्त वेळ आणि तेवढंच जास्त डिझेल. आता ट्रिपवर पैसे मिळतात म्हणून भरती-ओहोटी न बघता दामटतात, आणि उथळ पाण्यात जास्त रेटलं की बार्जचं बूड मागे खाली बसतं, पाणी उसळतं, वेग काही वाढत नाही. कुंभारजुवे कालव्यात तर बघायलाच नको. लोडिंग जेटीचा टाइमटेबल भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बसवला तर एक रुपया न घालता डिझेल वाचतं.

फेरीबोटींचं पण तेच. चोडण, दिवाडी, बेती, एवढीशी अंतरं, आणि बोट किनाऱ्याला लागली की गाड्या चढेपर्यंत इंजिन रेटून रॅम्प धरून ठेवायचा. बॅटरीला याहून सोपं काम नाही. केरळात वैक्कमला आदित्य नावाची सौर फेरी २०१७ पासून चालते, कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून इलेक्ट्रिक बोटींवर आहे. आपल्याकडे बोट घेण्याआधी चार्जिंग कुठे, कोणी आणि किती मिनिटांत करायचं ते ठरवलं पाहिजे, नाहीतर बोट येते आणि धक्क्याला बांधून राहते. आणि असं समजू नका की गोव्यात हे जमत नाही, एका स्वीडिश कंपनीसाठी बाल्टिक समुद्रात चालणाऱ्या ५,३५० टनांच्या बारा हायब्रीड मालवाहू जहाजांची ऑर्डर चौगुल्यांच्या इथल्या जहाजबांधणीच्या यार्डाला मिळाली, बॅटरी पॅक आणि शोअर पॉवर घ्यायच्या सोयीसकट, पहिल्याचं नाव इलेक्ट्रामार. तेच बघून माझी चिडचिड होते, जहाज इथं बनतं आणि प्लग लावायला बाल्टिकला जातं.

मिथेनॉल, अमोनिया, हायड्रोजन या नव्या इंधनांवर तुम्ही विचारलं नाहीत हे बरं केलंत. किलोमागे मिथेनॉल आणि अमोनियात जहाजी तेलाच्या निम्मीच ऊर्जा, किंमत जास्त, तेव्हा जो आज ५० टन फुकट जाळतोय त्याला ते परवडणार नाही. रोटर सेल (वाऱ्यावर जहाजाला रेटणारे डेकवरचे फिरते खांब) वगैरे चांगलं आहे पण धक्क्यावरच्या ग्रॅबला आडवं येणार नाही ना ते आधी बघावं लागतं.

नोट लिहायला बसाल तेव्हा मागच्या वर्षभरातल्या प्रत्येक जहाजाच्या चार वेळा एजंटकडून आणि बर्थिंगच्या (जहाज धक्क्याला लावायच्या) रजिस्टरमधून काढा: नोटीस कधी दिली, पायलट कधी चढला, पहिला ग्रॅब कधी पडला, शेवटचा कधी. पाचव्या रकान्यात त्या जहाजाच्या वेळचं टर्मिनलचं मीटर रीडिंग, टनामागे युनिट काढायला. पावसाचे दिवस वेगळ्या रंगात ठेवा. रजिस्टरमधल्या वेळा बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाला गोल केलेल्या असतात, त्याने बिघडत नाही. नोटीस आणि पायलट यांच्यातलं अंतर जास्त दिसलं तर सोलरच्या आधी बर्थिंगच्या मीटिंगमध्ये बसायची परवानगी मागा. तिथं इलेक्ट्रिकलवाल्याला कोणी बोलवत नाही, त्यामुळे साहेबांची सही घेऊनच जा.